मोहाच्या झाडाखालची परीक्षा

नाट्यदिग्दर्शनाच्या शेवटच्या परीक्षेत माझे वडील हरवले.

प्रात्यक्षिकाचा नियमच तसा होता. प्रयोग रंगमंचावर नको, खऱ्या जागी, खऱ्या माणसांना घेऊन करायचा. मी मुलचेऱ्याजवळचं आमचं जंगलातलं गाव निवडलं. आई-बाबा मोहफुलं वेचणार आणि वीस मिनिटं कुणी अवाक्षर काढणार नाही! (पुण्याहून येणाऱ्या परीक्षकांना मौन फार आवडतं, असं ऐकून होते.) नापास झाले तर पुढे काय, हे आईनं आधीच ठरवून ठेवलं होतं: "मुकाट्यानं डी.एड. कर."

"बोलाचंच नाई?" बाबांनी विचारलं.

"अजिबात नाही. मी तीन टाळ्या वाजवेपर्यंत तोंडातून आवाज नको!"

"अन् तुह्या मायनं आवाज देल्ला त?"

"तरी नाही!"

आता, आमच्याकडे मोह वेचताना माणसं सारखी एकमेकांना हाळी देतात. वाकलेल्या माणसाला वाघ दिसत नाही, म्हणून. हाळीला ओ आली की जीव भांड्यात पडतो. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं; पण तीन वर्षं दिग्दर्शन शिकल्यावर माणूस बरंच काही विसरतो!

सकाळी सातला प्रयोग सुरू झाला. परीक्षक खुर्चीवर, वही मांडीवर. दहा मिनिटं सुंदर शांतता! बाबा ठरल्याप्रमाणे वारुळामागे गेले आणि अकराव्या मिनिटाला आईचं मौन संपलं.

"ओ मीनाचे बाबाऽऽ!"

उत्तर नाही.

"ओ देऊन नाई राह्यले! काऊन?"

"आई, प्रयोग!" मी दातओठ खात पुटपुटले.

"आग लाव तुह्या प्रयोगाले! मानूस कुठी हाय?"

मी तोऱ्यात वारुळामागे गेले. तिथे बाबांची टोपली होती. बाबा नव्हते. दिग्दर्शन कुठल्या कुठे पळालं. "बाबा! बाबाऽऽ!" मी गळा फाटेस्तोवर ओरडले. आईनं बोंब ठोकली, तशी आजूबाजूच्या झाडांखालची सगळी माणसं काठ्या घेऊन, डबे बडवत धावली. परीक्षक खुर्चीवर उभे राहिले. (वाघ खुर्चीवर चढत नाही, अशी त्यांची समजूत असावी.)

पाचव्या झाडाखाली बाबा सापडले. दुपट्ट्यात निवांत फुलं वेचत होते! आई रडतही होती आणि त्यांच्या पाठीत धपाटेही घालत होती.

"ओ काऊन नाई देल्ली?"

बाबांनी तोंड बंद ठेवूनच माझ्याकडे बोट दाखवलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तीन टाळ्या वाजवल्या.

"हां!" बाबांनी मोठा श्वास सोडला. "टोपली भरली, म्हून इकडं आलो. आयकू येत होतं सारं. मले वाटलं, पोरगी काय मस्त नाटक करून राह्यली!"

मी त्यांच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं. तेवढ्यात परीक्षक खुर्चीवरून उतरून आले.

"गाव धावून येतं तो प्रसंग विलक्षण! किती दिवस तालीम घेतली?"

'महिनाभर' म्हणायला मी तोंड उघडलंच होतं.

"तालीम कायची, साहेब?" आई डोळे पुसत म्हणाली. "हिनं त बोलाचीच मनाई केली होती!"

डी.एड.चा फॉर्म मला डोळ्यांसमोर दिसायला लागला.

पण निकाल लागला आणि मी पास झाले! गुणपत्रिकेवर शेरा होता: 'दिग्दर्शिकेने न बसवलेला भाग अप्रतिम. केवळ त्यावर उत्तीर्ण.'