मोडमामा आणि तीन मिलिमीटर

मोडमामांनी एकतीस वर्षं वस्तू मोडल्या आणि त्याबद्दल त्यांना कुणी चकार शब्दानं बोललं नाही. आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या तळमजल्यावर भार देणारं एक अजस्र यंत्र आहे. त्याखाली सिमेंटचे ठोकळे, सळ्या, तुळया ठेवायच्या आणि त्या केव्हा नि कशा मोडतात ते पाहायचं, हे त्यांचं काम. यंत्राला कान लावून ते आधीच सांगत, "आता नुसती कण्हतेय. अजून दोन टन, मग रडेल." आणि तुळई बरोबर दोन टनांनी रडे. घरी मात्र या गृहस्थांच्या हातून कधी कपाचा कानही उडाला नाही. मामी म्हणत, "मोडतोड तिकडेच उरकून येतात, म्हणून संसार टिकला."

यंत्राशेजारच्या काचेच्या खोलीत संशोधन करणाऱ्या ताई बसत. त्यांचं काम नेमकं उलटं होतं. तुळई न मोडता, संगणकावर तिचे हजारो बारीक तुकडे कल्पून, भाराखाली ती किती वाकेल याचं गणित मांडायचं. मामांना हा प्रकार पसंत नव्हता. "न चाखता मीठ बरोबर आहे म्हणण्यासारखं आहे हे," ते म्हणत.

मीठ बरोबर नव्हतंच. ठरलेल्या भाराखाली ताईंच्या गणितात तुळई मधोमध नऊ मिलिमीटर वाके, यंत्राखाली बारा. आठ महिने ताईंनी पोलादाचे गुणधर्म तपासले, तुकडे आणखी बारीक केले, समीकरणं बदलली. तीन मिलिमीटर न बोलावलेल्या पाहुण्यासारखे ठाण मांडून बसले होते. शेवटी ताईंच्या मार्गदर्शक सरांनी बजावलं, "मुदतवाढ संपली. सोमवारी जुळलेला आलेख आणा, मी प्रबंधावर सही करतो. नाहीतर विषय बदला." विषय बदलायचा म्हणजे चार वर्षं पाण्यात.

शुक्रवारी दुपारी ताईंचा धीर सुटला. "मामा, तुमचं यंत्र खोटं बोलतंय."

मामांनी हातातला घास डब्यात परत ठेवला. एकतीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. ते उठले आणि पहिल्यांदाच त्या काचेच्या खोलीत शिरले. पडद्यावर लाल-पिवळी-निळी तुळई वाकून उभी होती.

"रंगकाम चांगलं आहे," मामा नाइलाजानं म्हणाले. "खाली हे त्रिकोण कसले?"

"ते टेकू, मामा. तुळईची दोन्ही टोकं त्यांच्यावर टेकतात."

"हे दबत नाहीत?"

"लोखंडी आहेत ते. कसे दबतील?"

"लोखंडी? कोण म्हणालं?"

"मी स्वतः पाहिलेत की! करडे आहेत, वरपासून खालपर्यंत."

मामांचा चेहरा पडला. ते यंत्रापाशी गेले, पेचकस घेतला आणि टेकूच्या माथ्यावर दाबला. टोक लोण्यात शिरावं तसं आत गेलं. करड्या पापुद्र्याखालून काळा चुरा निघाला.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वाचनालयातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या: तुळई मोडली की त्या हादऱ्यानं वरच्या फळीवरचा ज्ञानकोश त्यांच्या डोक्यात पडे. मामांनी ट्रकच्या जुन्या चिखलरोधकाचं दोन बोटं जाड रबर कापून टेकूंवर बसवलं. मग वार्षिक तपासणीची समिती आली. समितीसाठी मामा दरवर्षी जे हलत नाही त्याला करडा रंग फासत. यंत्र, टेकू, स्टूल, बादली.

"बादलीसुद्धा प्लास्टिकची आहे?" ताईंनी क्षीण आवाजात विचारलं.

"आहे."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही रोज विचारायचात, यंत्र बरोबर आहे ना? यंत्र बरोबरच आहे."

ताई आधी हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या. मामांनी अंदाज बांधायचं टाळलं.

शनिवारी मामांनी ते रबरच यंत्राखाली ठेवून दाबलं. "ही जात मोडत नाही, ताई, नुसती सोसते," ते कौतुकानं म्हणाले. किती भाराला ते किती दबतं, हे ताईंनी लिहून घेतलं. पडद्यावरचे त्रिकोण गेले, तिथं स्प्रिंगा आल्या. उत्तर आलं अकरा पूर्णांक नऊ दशांश.

"उरलेला एक दशांश?" मामांनी विचारलं.

"तो तुमच्या रंगाचा."

सोमवारी सरांनी आलेख पाहिला, सही केली आणि चष्मा काढत म्हणाले, "ते रबर आजच काढून टाका."

"काढतो," मामा म्हणाले. "वाचनालयातल्या बाईंना तेवढं तुम्ही सांगा."

भल्याभल्या परीक्षकांपुढे न डगमगलेल्या सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "राहू दे," ते म्हणाले. "प्रबंधात टेकूंवर एक प्रकरण वाढवा."

ते प्रकरण अठ्ठावीस पानांचं झालं. यंदाही समिती आली. निवृत्तीला आठवडा उरलेला असताना मामांनी सगळ्याला करडा रंग दिला, बादलीलाही. फक्त टेकूंवरचं रबर घासून काळंभोर ठेवलं आणि त्यावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं: "हे दबतं."