सव्वा वर्षानं मोठी

आमच्या वाडीतल्या शाळेचा दुसरा शिक्षक जाऊ नये म्हणून मला सव्वा वर्षानं मोठं करण्यात आलं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते, पाच वर्षंही पुरी झाली नव्हती. खाडीकाठची आमची वाडी, निम्मी घरं मुंबईला नोकरीला गेलेली, उरलेली होडीवर. पोरं कमी झाली की शाळेतला एक शिक्षक कमी होतो, म्हणून गुरुजी मे महिन्यात घरोघर फिरायचे आणि जे पोर चालतं-बोलतं दिसेल त्याला पहिलीत घालायचे. माझा जन्म गौरी-गणपती गेल्यानंतरचा. गुरुजींनी तो उचलून आदल्या वर्षीच्या एक जूनला नेऊन ठेवला आणि बाबांनी खाली झोकदार सही केली. आई ही गोष्ट आजही कौतुकानं सांगते. ती सांगायला लागली की मी उठून बाहेर जाते.

आता मी मिरजोळ्याला एका कारखान्यात कामाला आहे. तिथे एक जूनला माझ्यासाठी केक आणतात. मी तो खात नाही. लोकांना वाटतं मी शिष्ट आहे. वाटू दे.

शेजारच्या घरात माझ्याहून आठवडाभरानं मोठी एक मुलगी होती. गौरी यायच्या आधी ती जन्मली, गौरी गेल्यावर मी. गुरुजींनी मला धरलं त्या वर्षी तिचे वडील सगळ्यांना घेऊन मुंबईला होते, म्हणून ती त्यांच्या तावडीतून सुटली. वर्षभरानं ती परत आली आणि वेळेवर, खऱ्या तारखेनिशी पहिलीत बसली. म्हणजे मी तिच्या पुढच्या वर्गात आणि कागदावर तिच्यापेक्षा थोरली. ती मला मुद्दाम ताई म्हणून हाक मारायची आणि आम्ही दोघी हसायचो. तेव्हा ते हसण्यासारखं होतं.

पुढे दोघी एसटीनं रत्नागिरीच्या हायस्कूलला जायला लागलो. तिथल्या खेळाच्या सरांना कबड्डीत कुणी विचारत नव्हतं आणि खो-खोत जिल्ह्यात नुसती हाणामारी. मग त्यांनी सॉफ्टबॉल धरला. खेळणाऱ्या शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या, दोन सामने जिंकले की जिल्हा खिशात. सरांचं प्रेम खेळावर नव्हतं, प्रमाणपत्रावर होतं. पण कोणाच्या का कोंबड्यानं होईना, उजाडल्याशी कारण. सॉफ्टबॉलमध्ये पिचर हाताचा पुरा फेरा घेऊन खालून चेंडू फेकते, आणि बॅट धरलेल्या मुलीच्या मागे कॅचर उकिडवी बसून तो झेलते. मी पिचर झाले, ती कॅचर. शाळेचे ग्लोव्ह घरी न्यायला सर देत नसत, म्हणून संध्याकाळी घरामागच्या कातळावर ती गोणपाटाची घडी हाताला गुंडाळून बसायची. कधीकधी चेंडू घरंगळत खाडीत जायचा आणि आम्ही चिखल तुडवत तो काढायचो. माझ्या हातातून सुटायच्या आधीच तिला कळायचं, चेंडू कुठे येणार. दुसऱ्या कुणाला ते कधी कळलं नाही. मलाही पुष्कळदा कळायचं नाही.

मी नववीत, ती आठवीत असताना सरांनी सांगितलं की घाटावरच्या एका निवासी क्रीडाशाळेची माणसं विभागाच्या सामन्यांना येणार आहेत. त्यांना चौदा वर्षांखालच्या मुली हव्या होत्या. राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथेच. पिचर आणि कॅचर जोडीनं चांगल्या असल्या तर जोडीच उचलतात, असंही सर म्हणाले. आम्ही दोघींनी त्या दिवशी एसटीत कोण कुठल्या खाटेवर झोपणार तेसुद्धा ठरवून टाकलं.

मग संघ पाडायचा दिवस आला. चौदाखालचा एक, सतराखालचा एक, एकोणीसखालचा एक. सरांनी जन्मतारखा बघून मुलींचे वाटे घातले, मासळीबाजारात बांगड्यांचे घालतात तसे. त्या वर्षात चौदा पुरी होणारी मुलगी चौदाखालच्या गटात बसत नाही. माझी खरी तेरा पुरी व्हायची होती, कागदावरची चौदा जूनमध्येच झाली होती. ती एका वाट्यात गेली, मी दुसऱ्या. मी सरांना म्हटलं, ती माझ्याहून मोठी आहे. सर हसले. वय कमी करून मागणाऱ्या सगळ्या असंच सांगतात, म्हणाले. ते खोटं नव्हतं. समोरच्या शाळेच्या चौदाखालच्या संघात एक मुलगी होती, तिला आमच्या एसटीचा कंडक्टर अहो-जाहो करायचा. खोट्या लहानांना तिथे जागा होती आणि खरी लहान असून मी बाहेर. त्या सरांचा चेहरा आजही डोळ्यांसमोर आला की माझं डोकं फिरतं.

घरी येऊन मी बाबांना म्हटलं, तारीख बदलून आणा. ते जाळं शिवत बसले होते. मान वर न करता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अगो बाय," ते म्हणाले, "गुरुजींचं ह्ये शेवटचं वरीस. आता उकरून काढलंस तर त्यांची पेन्शन अडकल. आपल्या मान्साच्या पोटावर पाय द्यायचा काय आपण?"

माझ्या पोटाचं काय, असं मी विचारलं. खेळानं पोट भरत नाही, असं उत्तर आलं. आईनं री ओढली. मग शेजारची काकी आली, चुलता आला, देवळाचा पुजारीसुद्धा येऊन समजावून गेला. एक वर्ष आधी दहावी होशील, एक वर्ष आधी नोकरीला लागशील, तुझाच फायदा. तुझाच फायदा हे दोन शब्द ज्यानं शोधून काढले त्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे.

शेवटी मी स्वतः गुरुजींकडे गेले. पोरं गळत जाऊन आमची शाळा तोवर बंदच झाली होती आणि त्यांची बदली पलीकडच्या गावात झाली होती, पण घर वाडीतच होतं. त्यांनी मला पडवीत बसवलं, बायकोला हाक मारून तांदळाचे लाडू आणवले. माझं ऐकताना ते मंद हसत होते. एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस, तुझ्या एका नावावर शाळा चार वर्षं जास्त चालली, पुण्य लागलं तुला, असं म्हणाले. बंद पडलेल्या शाळेचं पुण्य मी कुठे ठेवू, असं मी विचारलं. त्यांना ते उर्मट वाटलं आणि संध्याकाळपर्यंत ते बाबांच्या कानावर गेलं. बाबा माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मीही बोलले नाही. लाडू मी तसाच ठेवून आले होते, त्याचाही बोभाटा झाला.

सतराखालच्या संघात मी बहुतेक वेळ बाहेरच बसले. सगळ्या दहावीच्या मुली, माझ्या दीडपट. जिल्ह्याच्या सामन्यात आम्ही हरायला लागलो तेव्हा सरांनी मला आत पाठवलं. कॅचर होती ती धिप्पाड मुलगी चेंडू आला की डोळे मिटायची. माझे चेंडू तिच्या मागे जाळीवर आपटत राहिले आणि समोरच्या पोरी तळांचा फेरा पुरा करून चालत चालत धावा घेत राहिल्या. सर बाहेरून ओरडले, नीट टाक. मी नीटच टाकत होते.

चौदाखालचा आमचा संघ जिंकला. त्यांची पिचर होती एका डॉक्टरांची मुलगी. बरी टाकायची, त्याहून जास्त काही नाही. विभागाच्या सामन्यांत क्रीडाशाळेच्या माणसांनी पिचर सोडून दिली आणि कॅचर तेवढी उचलली. माझी मैत्रीण मला ते सांगायला आली तेव्हा रडत होती. मी तिला म्हटलं, रडायचं असेल तर तुझ्या घरी रड. हे मी चुकीचं बोलले असं मला अजून वाटत नाही.

मेअखेरीला गुरुजी निवृत्त झाले. वाडीनं देवळाच्या मंडपात सत्कार ठेवला. शिक्षण खात्यातले एक साहेब आले होते. आमच्या शाळेची खेळाडू विद्यार्थिनी म्हणून हार घालायला मला उभं केलं आणि दोन शब्द बोल म्हणून माईक हातात दिला. खुर्च्या भरलेल्या होत्या. जून लागला की जाणारी माझी मैत्रीण तिसऱ्या रांगेत होती.

मी म्हटलं, "सगळे मला पंधरा पुरी होत आली म्हणतात. मी अजून तेरा वर्षांची आहे. उरलेलं वय गुरुजींनी दिलं."

मला वाटलं होतं, मंडपात सुई पडली तरी ऐकू येईल. लोक हसले. टाळ्या पडल्या. गुरुजी डोळे पुसत हसत होते. साहेब तर सगळ्यांत मोठ्यानं हसले, मला जवळ बोलावून पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "अगं, मग आधी नाही का सांगायचं? ग्रामपंचायतीत जन्माची नोंद असेलच की. शाळेकडून अर्ज आला असता तर तारीख बदलून दिली असती. असल्या दुरुस्त्या आम्ही दरवर्षी करतो."

गुरुजींना काही झालं असतं का, असं मी विचारलं. त्यांना काय होणार, असं म्हणून साहेब पेढ्याच्या ताटाकडे वळले. बाबा शेजारीच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं.

घरी जाताना वाटेत बाबा म्हणाले, "उद्याच जाऊन बदलून आणतो. म्हंजे यंदा तुला खालच्या गटात घेतील."

यंदा गणपतीनंतर माझी खरीखुरी चौदा पुरी होणार होती, म्हणजे खऱ्या तारखेनंही तो गट गेलाच होता. एवढाही हिशेब त्यांनी कधी केला नव्हता.