आतडं इनामदारबाईंचं

इनामदारबाई मासे खात नसत, पण कोल्हापूरच्या मासळीबाजारात त्यांच्याइतकं नेमाचं गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. "मासा या पोरीला, आतडं मला," असं त्या खणखणीत आवाजात सांगत. ती पोरगी म्हणजे मी, सत्तरच्या दशकातली, प्राणिशास्त्रातली त्यांची संशोधक विद्यार्थिनी. शाहूपुरीतल्या आमच्या घराला सापासारखी लांबट वाम खाऊ घालण्याचं पुण्य त्यांचंच.

बाईंना वेड होतं वामीच्या पोटातल्या चपट्या किड्याचं. उन्हाळ्यात डोहातल्या वामी त्याने गच्च भरलेल्या असत. पूर आला की एकही किडा दिसत नसे. सगळे म्हणत, पावसात तो संपतो. बाई टेबलावर हात आपटत. "अंडी पुरात वाहून जातात. मग दिवाळीनंतर हा येतो कुठून? अगं, पिल्लू होऊन पोटातच दडलेला असणार. दाखवतेच मी!"

त्यांचा नोकरीतला तो शेवटचा पावसाळा होता. पंचगंगा पात्राबाहेर गेलेली, वाम मिळता मिळेना. बाई रोज बाजारात हजर. अखेर एके सकाळी आमच्या ओळखीच्या मालनमावशीच्या जागी तिची नवी सून बसलेली दिसली.

"आत्याबाईंनी तुमच्यासाठनं वाम राखाय सांगितलंय," ती कौतुकाने म्हणाली. "मी साफ बी करून ठेवलीया की."

"आणि आतडं?"

"ते व्हय? टाकलं बादलीत."

पदर खोचून बाईंनी अख्खी बादलीच मागून घेतली. दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली खरंच एक इवलासा किडा वळवळला आणि मी नाचायचीच बाकी राहिले. बाईंनी मात्र चष्मा काढला.

"कुणाच्या पोटातला गं? बादलीत दहा जातींचे मासे होते."

"बहुतेक वामीचाच, बाई."

"बहुतेकचं काय करू? लोणचं घालू?"

त्यांनी तो किडा पुरावा म्हणून धरलाच नाही. तशाच निवृत्त झाल्या. मला त्यांचा रागही आला आणि अभिमानही वाटला.

पुढच्या पावसाळ्यात मला तो सापडला. काचपट्टी घेऊन मी धावतच त्यांच्या घरी गेले.

"वाम कुणी फाडली?" त्यांनी आधी विचारलं.

"मीच. तुमच्या टेबलावर."

तेव्हा कुठे त्या आपल्या जुन्या सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. कितीतरी वेळ मान वर झाली नाही. मग हसू दाबत म्हणाल्या, "किती वाट बघायला लावलीस रे, लबाडा."

हे त्या किड्याशी चाललं होतं.