माणसांच्या आधी वाळू

इंजिन सुरू झालं की आमचा मिस्त्री आधी सायलेन्सरच्या तोंडापुढे तळहात धरायचा. मग तो हात नाकाशी न्यायचा आणि म्हणायचा, "बोलतीय. बोलू द्या तिला." तोवर कुणी तोंड उघडलेलं त्याला खपत नसे. गाडीमालकाला गप्प बसवणारा असा एखादा तुमच्याही ओळखीत असेल.

पाथर्डीत माझ्या दोन जीपा. कामं मी कागदावर लिहून न्यायची. मिस्त्री कागद वाचायचा, त्यालाच हात पुसायचा आणि भलतंच काम आधी काढायचा.

"वहिनी, यादी तुमची. दुखणं गाडीचं."

त्याचं गॅरेज करंजी घाटाच्या पायथ्याला. इंजिन उघडलेल्या गाडीत तो पहिल्यांदा माणसं बसू देत नसे. वाळूची पोती भरायची, घाट चढायचा, उतरायचा. चालवणार तो स्वतः, एकटा.

"मिस्त्री, पोत्यांचं तिकीट काढलं का?" लोक चिडवायचे.

"तुमच्यापरीस बरी. खिडकीसाठी भांडत न्हाईत."

दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागल्या, आणि माझ्या जुन्या जीपचं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याच्या झाकणामधला पातळ पत्रा, गेलं. त्याने ते बदललं. एका टोळीचा ट्रॅक्टर सामान घेऊन श्रीगोंद्याला पुढे गेला होता. मागची बायका-पोरं माझ्या जीपने जायची होती, म्हणून ती सकाळीच गाठोडी घेऊन गॅरेजपाशी येऊन बसली.

गाडी सुरू केली तर लंगडत होती. चारातला एक ठोका गायब.

मिस्त्रीने डिझेलच्या नळ्या एकेक करून सैल केल्या. पहिली सैल करताच इंजिन डगमगलं. दुसरीलाही तसंच. तिसरीला काहीच फरक पडला नाही.

"ही मेलीय," तो म्हणाला.

रेडिएटरमध्ये बुडबुडे येत होते, म्हणजे इंजिनातला वायू अजून पाण्यात शिरत होता.

"गॅस्केट तर नवं आहे ना?" मी विचारलं.

"गॅस्केट नवं. वरचं हेड जुनंच हाय. पट्टी लावून बघितलं, सपाट वाटलं. तपासायला नगरला धाडायला पायजे हुतं. चुकलंच माझं."

टोळीचा मुकादम येरझाऱ्या घालत होता. "आज टोळी पोचली न्हाई तर फड दुसऱ्याला जाईल. लंगडत न्या, पण न्या."

"चढाचं भ्या न्हाई. उताराला इंजिन बंद पडलं की ब्रेक दगडासारखा हुतो, दाबला तरी लागत न्हाई. मग थांबिव म्हनून कुनाला सांगशील?"

त्याने हेडचे बोल्ट पुन्हा आवळले. गाडी सुरू केली आणि चारही ठोके लागले. गोड आवाज. पोरांनी टाळ्या पिटल्या. मुकादमाने बायकांना आत चढवायला सुरुवात केली.

मिस्त्रीने सायलेन्सरपुढे हात धरला, वास घेतला. या वेळी तो 'बोलू द्या' म्हणाला नाही.

"उतरा समदी. आदी वाळू."

"आता कशाला?" मुकादम ओरडला. "ठोका लागला की!"

"ठोका लागला. धुरातला रेडिएटरच्या पान्याचा वास गेला न्हाई."

मी म्हणाले, "मग नेऊच नका. दुसरी जीप मागवते."

"मी हललो की ह्यो मुकादम मानसं भरून न्हील, वहिनी. ह्याला डोळ्यानं बघू द्या."

एक म्हातारी खाली उतरता उतरता त्याला शिव्या घालत होती. गाठोडी रस्त्यावर, पोती आत. तो निघाला.

चढाचा आवाज आम्ही ऐकत राहिलो. सरळ, एका लयीत. मुकादम माझ्याकडे बघून हसलासुद्धा. वर गाडी वळली, परत निघाली. आणि आवाज थांबला.

पोरं रस्त्यावर खेळत होती. कुणीतरी म्हणालं, "आली बगा!" वरच्या वळणावर जीप दिसली. मागे धूर नव्हता. येत होती ती मात्र फार वेगाने. नुसते टायर वाजत होते.

खाली आम्ही सगळे भर रस्त्यात. त्याने आम्हाला पाहिलं असणार. शेवटच्या वळणाच्या आधी गाडी डोंगराच्या अंगाला वळली आणि कपारीवर आदळली.

आम्ही धावत गेलो. मिस्त्री जागीच गेला होता. पाय अजून ब्रेकवर दाबलेला होता. मघाची म्हातारी दारातून आत वाकली आणि तिने तो पाय दोन्ही हातांनी हळूच उचलून घेतला.