टाकीवरचं कुलूप

तीन दिवस झाले, मावशीची हजेरी नाही. वायरमनचं डोकं फिरलं.

रोज सकाळी सातला तो वायरलेस सेटवर हाक मारायचा, "मावशी, आहेस?" आणि तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी, गुडघ्यांनी दगा दिलेली मावशी म्हणायची, "हजर!" मधला निरोप्या म्हणजे पाण्याच्या टाकीवरचा रिपीटर. बारक्या सेटचा आवाज पकडायचा नि जोरात पुढे फेकायचा. वायरमननेच तो हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबसाठी भंगारातून उभा केलेला, तोही फ्रिक्वेन्सीच्या असल्या पट्ट्यावर, जिकडे कुत्रं फिरकत नाही.

चौथ्या दिवशी तो धापा टाकत जिने चढला. मावशीने दार उघडलं ते तोफ डागतच.

"बहिरा झालास का रे मेल्या? मी इथे घसा फोडतेय आणि तुझं आपलं 'मावशी, आहेस?' मेले नाहीये अजून!"

म्हणजे तिला तो ऐकू येत होता. तिचंच पलीकडे जात नव्हतं. त्याने तिच्या सेटचं बटण दाबून सोडलं. रिपीटरची नेहमीची 'टुक' आलीच नाही. कुणीतरी रिपीटरला टोनचं कुलूप घातलं होतं! टोन म्हणजे बोलण्याखाली दडलेली बारीक गुणगुण. ती नसेल तर रिपीटर दारच उघडत नाही. वायरमनच्या सेटवर ती जुन्या चाचणीपासून चालूच राहिलेली, म्हणून त्याला पत्ताच नाही. मावशीच्या म्हाताऱ्या सेटला ती सोयच नव्हती.

तो तडक क्लबच्या सेक्रेटरीच्या चष्म्याच्या दुकानात.

"ठराव झालाय," सेक्रेटरी काच पुसत म्हणाला. "फक्त सभासदांसाठी. बाहेरचे घुसतात."

"घुसतात? दिवसभरात तीन माणसं बोलतात त्यावर! एक मी, एक मावशी. तिसरा तू, तोही 'आवाज येतोय का' विचारायला!"

"मग मावशींना सभासद करा. नवा सेट घ्या."

"तू चड्डीत होतास तेव्हापासून लायसन्स आहे तिच्याकडे!"

"नियम म्हणजे नियम."

टाकीच्या शिडीवर वायरमनने पायरीगणिक एकेक शिवी हासडली. पेटी उघडली, टोनचं कार्ड उपटलं, दोन वायरी थेट जोडल्या नि तिथूनच हाक मारली.

"मावशी, टाकीवर आहे. ऐकू येतंय?"

"हजर! उतरताना खाली बघ, गाढवा."

परत दुकानात. कार्ड चष्म्यांच्या मधोमध आदळलं.

"हे घे तुझं कुलूप. दुकानाला लाव."

"क्लबातून काढून टाकीन!"

"काढ. मग मीही बाहेरचा. उद्या सातला घुसतोच."