भिंतीवरची परात

जर्मनीत चोऱ्या होत नाहीत, असं मी सासूबाईंना ज्या दुपारी ठणकावून सांगितलं, त्याच दुपारी त्यांच्या आईची परात गेली. (चोरीला गेली असं म्हणता येणार नाही. ती मीच वाटून टाकली होती, तीही सुवाच्य अक्षरात!)

आम्ही एर्लांगेनला राहतो. माझा नवरा निखिल वैद्यकीय यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आहे, मी घरून सॉफ्टवेअरचं काम करते आणि आमची आठ वर्षांची रेवा मराठी सगळं समजते, पण उत्तर जर्मनमध्येच देते. गेल्या उन्हाळ्यात सासूबाई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या. बॅगेत मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, कुरडयांचा सोऱ्या आणि दोन सुपं. आणि मांडीवर, साताऱ्यापासून एर्लांगेनपर्यंत, पितळेची ही भलीमोठी परात! सुरक्षा तपासणीत तिघांनी ती वाजवून पाहिली म्हणे.

परातीच्या काठावर सासूबाईंच्या आईचं नाव कोरलेलं होतं : सौ. इंदुमती. ती त्यांना त्यांच्या लग्नात मिळालेली. "मला मुलगी नाही," विमानतळावर परात माझ्या हातात न देता त्या म्हणाल्या, "तेव्हा ही तुझीच. पण जाताना देईन. आधी बघते, तू भांडी कशी वापरतेस ते." म्हणजे तीन महिन्यांची प्रात्यक्षिक परीक्षाच! मला ती परात मनापासून हवी होती. माझ्या स्वयंपाकघरात तोवर कुणाचं नाव असलेलं एकही भांडं नव्हतं, आणि परदेशात राहून राहून अशा गोष्टींची भूक लागते.

आता इथली एक पद्धत सांगायला हवी. घरातली नको झालेली पण चांगली वस्तू इथे कुणी फेकत नाही. ती खाली भिंतीवर ठेवायची आणि वर पाटी लावायची, 'त्सू फरशेंकन'. म्हणजे फुकट आहे, खुशाल घेऊन जा. आमचं निम्मं घर अशा भिंतींवरून आलंय. (पुण्याच्या मैत्रिणींना मी ते 'व्हिंटेज' म्हणून सांगते.) त्यामुळे त्या शनिवारी सकाळी मीही एक खोका भरला. त्यात रेवाची जुनी कोडी, आखूड झालेले रेनकोट आणि असल्याच एका भिंतीवरून आणलेला, एकदाही न वापरलेला चीज वितळवायचा संच. पुठ्ठ्यावर जाड मार्करने पाटी लिहिली, कोपऱ्यात एक बदामही काढला, आणि सगळं खालच्या बुटक्या भिंतीवर ठेवून आले.

त्याच आठवड्यात सासूबाईंनी कुरडया घातल्या. तीन दिवस गहू भिजत होते. घरात असा वास, की रेवा नाक धरून शाळेत जात होती. चीक शिजला, सोऱ्यातून पांढऱ्याशुभ्र कुरडया उतरल्या, दोन दिवस पंख्याखाली सुकल्या, आणि त्या शनिवारी प्रश्न आला उन्हाचा. आमची बाल्कनी उत्तरेला. ऊन पडतं ते थेट त्या बुटक्या भिंतीवर.

"तिथे ठेवू का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"ठेवा की आई! बिनधास्त!"

दोन सुपांत आणि परातीत फडकी पसरून त्यांनी कुरडया मांडल्या आणि शेजारी खुर्ची टाकून हातात काठी घेऊन राखणीला बसल्या. साडेबाराला मी खाली गेले. "अहो आई, जेवायला चला. राखण कसली करताय? हे काय सातारा आहे? इथे लोक रस्त्यात पडलेला हातमोजासुद्धा कुंपणाला अडकवून ठेवतात. इथे चोऱ्या होत नाहीत!"

"चिमण्या?"

"त्यासुद्धा जर्मन आहेत, आई. विचारल्याशिवाय घेणार नाहीत."

त्या जेवायला आल्या. आमटी-भात झाला, ताक झालं, डुलकीही झाली. सव्वादोनला खाली गेल्या आणि तशाच वर आल्या. एरवी जिना चढताना त्या गुडघ्यांशी बोलतात, आज गप्प होत्या.

"मीनल, नाहीये."

"काय नाहीये?"

"काहीच नाहीये."

मी धावत खाली. भिंत स्वच्छ! सुपं नाहीत, कुरडया नाहीत, परात नाही. माझा खोका तर खोक्यासकट गेला होता. राहिला होता फक्त पुठ्ठा, बदामासकट.

"हा इथे कुणी ठेवला?" मी ओरडले.

"मीच," सासूबाई म्हणाल्या. "तो खोका कुणीतरी नेला, हा पुठ्ठा पडला होता. म्हटलं चिमण्यांपासून आडोसा होईल, म्हणून तू वर गेल्यावर परातीला टेकवून ठेवला. का गं? काय लिहिलंय त्यावर?"

रेवाने मान तिरकी करून पाटी वाचली आणि अत्यंत आनंदाने आजीला जाहीर केलं, "गेशेंक, आज्जी! आलेस गेशेंक!" सगळं भेट! एवढं जर्मन सासूबाईंना कळायला लागलं होतं.

त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. नुसत्या भिंतीवर, परातीच्या जागी जाऊन बसल्या. "जाऊ दे. कुणाच्या तरी उपयोगी पडेल," म्हणाल्या. त्यापेक्षा मला दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. मला स्वतःची अशी लाज वाटली, की तिथल्या तिथे मीही एखादी पाटी गळ्यात अडकवून बसावं. पण कुणी नेलं नसतं.

मी निखिलला सायकलवर पिटाळलं. ("काय शोधू?" "परात!" "आणि लोकांना काय विचारू? परातीला जर्मनमध्ये काय म्हणतात?" "जा तू!") मग बिल्डिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकला. घाबरल्यावर माझं जर्मन आधी क्रियापदं सोडतं, मग लिंगं. 'भिंत. चूक. आजी. दुःख. कृपया परत!' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं.

दोन मिनिटांत तळमजल्यावरच्या फ्राऊ केलरचं, म्हणजे केलरबाईंचं, उत्तर, फोटोसकट. 'इतक्या सुंदर घरट्यांबद्दल मनापासून आभार!' फोटोत त्यांच्या चेरीच्या झाडाला आमच्या बारा कुरडया हिरव्या दोऱ्याने टांगलेल्या होत्या. प्रत्येकीत थोडा कापूस. एका कुरडईवर बसून एक पक्षी ती मन लावून खातही होता.

पाठोपाठ समोरच्या विद्यार्थ्याचा मेसेज : 'मी तीन घेतल्या. चव बरी आहे, पण जरा कडक.' (कच्च्याच खाल्ल्या! सासूबाईंना सांगितल्यावर त्या प्रथमच हलल्या. "अगं, दात शाबूत आहेत ना त्याचे?")

पण परातीबद्दल अवाक्षर नाही. सासूबाईंना घेऊन मी फ्राऊ केलरचं दार ठोठावलं. दोन्ही सुपं तिथेच, त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर, मध्ये लॅव्हेंडरची जुडी लावून टांगलेली! इतकी छान दिसत होती, की मागायला जीव होईना.

"आणि पितळेचं ते मोठं गोल?" मी हातांनी परात काढून दाखवली.

"आख या! हो, हो! ती हेर ब्रांडलनी नेली. जिरेनियम लावणार आहेत तिच्यात. माझ्याकडून तीन रोपं घेऊन गेले. फक्त पाणी निघायला खाली भोकं पाडायची राहिलीत, म्हणाले."

भोकं! सासूबाईंना भाषांतर करून सांगावं लागलं नाही, कारण फ्राऊ केलरनी ड्रिल धरल्याचा अभिनय करून "ब्र्र्र्र" असा आवाजही काढून दाखवला.

हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रांडल तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. निवृत्त इंजिनिअर, झुपकेदार पांढऱ्या मिशा, आणि बिल्डिंगची नियमावली तोंडपाठ. दुपारी एक ते तीन मिटाग्सरूअ, म्हणजे वामकुक्षीची शांतता. त्या वेळात नळसुद्धा जपून सोडायचा. मी एकदा एक वाजून पाच मिनिटांनी इडलीचं पीठ वाटायला घेतलं, तर मिक्सर थांबायच्या आत ते दारात होते, मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवत. त्या दिवसापासून त्या नियमाला मी किती शिव्या दिल्या असतील, मोजदाद नाही.

जिन्यात सासूबाई माझ्या पुढे होत्या. गुडघे कुठे गेले होते कोण जाणे! मी धापा टाकत बेल वाजवली, दार उघडलं आणि मी किंचाळले, "हेर ब्रांडल! श्टॉप!"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजले, "फ्राऊ सावंत! मिटाग्सरूअ!"

त्यांच्या कपाळावर संरक्षक चष्मा होता. मागे बाल्कनीत टेबलावर परात पालथी घातलेली. तिच्यावर पेन्सिलीने, पट्टीने मोजून, तीन फुल्या. शेजारी तीन जिरेनियम, ड्रिल, आणि ड्रिलशेजारी घड्याळ. तीनला सहा मिनिटं कमी! हा माणूस दीड वाजल्यापासून, सगळी तयारी करून, तीन वाजायची वाट बघत बसला होता. दुसरा कुणीही असता तर एव्हाना परातीची चाळण झाली असती.

मी कुजबुजत समजवायला लागले. चूक, पाटी, आजी, चिमणी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण लिहिलं होतं ना? अक्षर तुमचंच होतं. बदामही होता."

पुरावा माझ्याच हाताचा!

सासूबाई मात्र माझ्या शेजारून सरळ आत गेल्या. (चपला दाराबाहेर काढून. हेर ब्रांडलच्या चेहऱ्यावर तेव्हाच थोडं ऊन पडलं.) त्यांनी परात उलटवली, काठावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर हळूहळू वाचलं, "सौ. इं-दु-म-ती." मग त्यांच्याकडे बघून मराठीतच म्हणाल्या, "माझ्या आईची आहे हो, दादा."

रेवा मागून आली होती. तिने हळूच जर्मनमध्ये सांगितलं, की हे आज्जीच्या आईचं नाव आहे.

हेर ब्रांडलनी चष्मा काढला. खिशातून खोडरबर काढलं आणि परात पुन्हा पालथी घालून तिन्ही फुल्या खोडल्या. घाई न करता, कणसुद्धा राहणार नाही अशा. वर रुमालाने पुसली आणि दोन्ही हातांनी सासूबाईंना दिली. मला रडू आलं, आणि तेही मी आवाज न करता रडले, कारण तीन वाजायला अजून दोन मिनिटं होती.

संध्याकाळी झाडावरून वाचलेल्या कुरडया तळून, वाडगाभर, सासूबाईंनी वर पाठवल्या. वाडगा घासून पुसून, पण रिकामा परत आला. सासूबाईंनी रेवाकरवी निरोप धाडला, की आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत. नियम आहे म्हटल्यावर हेर ब्रांडलना वेगळं सांगायला लागत नाही! दुसऱ्या दिवशी वाडगा वर गेला तो आलुबुखारे भरून खाली आला. मग थालीपीठ वर, चेरीचा जॅम खाली. महिन्याभरात त्या दोघांचं संभाषणही सुरू झालं. ते जर्मनमधून, या मराठीतून. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं ते म्हणायचे. "तेच म्हणते मी," या म्हणायच्या.

निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी परात चिंचेने लख्ख घासली. मी हात पुसून, पदर नव्हता म्हणून ओढणी सारखी करून, नमस्काराच्या तयारीत उभी राहिले.

"परात तुझीच हो," त्या म्हणाल्या. "पण राहील ब्रांडलभाऊंकडे. लागेल तेव्हा मागून आणत जा. तो माणूस वस्तू कुठेही टाकत नाही, आणि ठेवली तर राखण करत बसतो."

त्याला आता वर्ष होत आलं. पुरणपोळीची कणीक मळायची असली की मी आमचीच परात तिसऱ्या मजल्यावरून आणते, आणि परत करताना त्यात काहीतरी घालून नेते. परवा तीन पोळ्या नेल्या. हेर ब्रांडलनी परात उजेडात धरून काठ तपासला, पोळ्या मोजल्या, मिशांवरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "नुअर द्राय?" तीनच?

लग्न केलं तेव्हा मला एकच सासू होती. ही मिशावाली दुसरी मी माझ्या कर्तृत्वाने मिळवली आहे.