सुपडूचं नाव विचारणारा माणूस

अक्का,

मी घर सोडलं ते तोंडातलं रक्त थुंकत. तू दारात रडत उभी होतीस आणि आबा कुऱ्हाडीचा दांडा घेऊन शिंदखेड्याच्या रस्त्यापर्यंत माझ्या मागे धावले. "घरमाईन निंघ! पुन्हा तोंड दखाडू नको!"

मी देव्हाऱ्यातला कानबाई देवीचा नारळ लाथेने उडवला होता. आपल्या धाकट्या सुपडूला साप चावला तेव्हा आबांनी त्याला धुळ्याच्या दवाखान्यात न्यायचं सोडून त्या नारळापुढे निजवलं. पोर तिथेच गेलं. आणि पुढच्या श्रावणात त्याच नारळाला नथ घालून पुजायचं? मला नाही सोसलं. आजही पश्चात्ताप नाही.

वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात लागलो. एकाहत्तरच्या लढाईत ओव्हरटाइम इतका, की जेवतानाही डोळ्यांपुढे बंदुकीच्या गोळ्या. भाऊ कसा गेला ते ऐकून क्वार्टरमधला एक भजनी "देवाची मर्जी" म्हणाला, त्याचे दात पाडले. युनियनवाला म्हणाला, देव थोतांड आणि तुझा बाप अडाणी. त्याचा गळा धरला. बापाला शिव्या द्यायचा हक्क फक्त माझा होता.

मग माझ्याच शेडमधले दोंडाईच्याचे इब्राहिमचाचा शेजारी येऊन बसले. आता हे कुराण सांगणार, म्हणून मी मूठ वळली. त्यांनी एवढंच विचारलं, "तुन्हा भाऊनं नाव काय व्हतं?"

तोवर कोणी विचारलंच नव्हतं गं. मी भिंतीवर बुक्क्या मारत सांगत सुटलो, ते नुसतं "मंग?" म्हणत राहिले. शेवटी मीच ओरडलो, तुमचा खुदा कुठे असतो अशा वेळी? माझ्या फुटलेल्या हाताला फडकं बांधत ते म्हणाले, "मन्ही पोर जळीसन गई. मी बी त्याले रोज इचारस." त्या दिवसापासून आम्ही देवावर बोलू लागलो, भांडू लागलो.

पुढे मी घरी आलो तेव्हा तू सासरी होतीस. आबांना काही सुनावलं नाही. "सुपडू कसा गया ते सांगा," म्हटलं आणि बसून राहिलो. त्यांनी शिव्या घातल्या, तांब्या फेकून मारला. कपाळ फुटलं तरी मी उठलो नाही. मग ते बोलले. "सुपडू गया त्या रातले मी कुऱ्हाड लिसन देव्हारा फोडाले उठनू व्हतू. तुन्ही मायनी मन्हा हात धरा. मन्हाकडथून जे व्हयनं नही, ते तू करं. म्हनीसन मारं तुले." त्यांच्याकडून झालं नाही ते मी केलं, त्याचा तो मार होता.

माझी पोरं वरणगावात वाढली. तरी घर कुठलं विचारलं की मी आपलंच गाव सांगतो. तिथे आबांनी माझा हात घट्ट धरून देवाला पोटभर शिव्या दिल्या, आणि मी त्या शेवटपर्यंत ऐकल्या.